रुमालाखालचा भाव : नवी मोटार घेताना



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत मोटार-खरेदीवर बोलावे, ह्याचे काही जणांना नवल वाटले असेल. आम्हांला स्वतःला तसे वाटत नाही. गेली कित्येक वर्षे आम्ही एकच काम करीत आलो आहोत. समोरचा जो आकडा सांगतो त्यातला खरा किती आणि फुगवलेला किती हे शोधून काढायचे, आणि मग टेबलाशी बसून तो आकडा योग्य जागी आणायचा. आजवर श्रम विकणाऱ्याच्या बाजूने बसलो, आज वस्तू विकत घेणाऱ्याच्या बाजूने बसणार आहोत, एवढाच काय तो फरक. शाळेत आम्ही फारसे शिकलो नाही. टक्केवारी शिकलो ती पगारपत्रकांवर. तेवढ्या शिदोरीवर जे कळले ते सांगतो.

भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्या काळी मोटार ही राजवाड्याची आणि साहेबाची वस्तू होती. आज भोर आणि वेल्हे तालुक्यांत, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका हे नाव मिळाले आहे त्या भागात, मोटार ही पुष्कळ घरांची गरज होऊन बसली आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतून आषाढाच्या पावसात आजारी म्हाताऱ्या माणसाला पुण्याच्या इस्पितळात न्यायचे, तर एस.टी.ची वेळ पाहत बसता येत नाही. तेव्हा मोटार घ्यावी की न घ्यावी हा वाद आज घालीत नाही. ज्याने घ्यायचे ठरविले आहे त्याने ती किती रुपयांना घ्यावी, एवढाच आजचा विषय.

बैलबाजारात ज्यांनी बैल घेतला असेल त्यांना रुमाल ठाऊक आहे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटे धरून भाव करतात. कोणत्या बोटाचा अर्थ किती, हे त्या दोघांना आणि मधल्या दलालाला ठाऊक. भोवती पन्नास माणसे उभी असतात; पण भाव कोठवर आला हे त्यांतल्या एकालाही कळत नाही. शेतमालाच्या बाजारातही हीच चाल होती. तिला हत्ता पद्धत म्हणत. शेतकऱ्याचा माल त्याच्या डोळ्यांदेखत विकला जाई आणि भाव मात्र अडत्या व व्यापारी यांच्या बोटांत राही. पुढे १९३९ चा मुंबई प्रांताचा बाजार कायदा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आला, बाजारसमित्या झाल्या आणि उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. त्याने शेतकऱ्याची सारी दुखणी गेली असे नाही. परंतु भाव चारचौघांत बोलला गेला पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले.

मोटारीच्या शोरूममध्ये रुमाल दिसत नाही. तेथे गार हवा असते, काचेच्या खोल्या असतात, चहा येतो. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला निराळे बसवतात, निराळा कागद दाखवतात आणि वर सांगतात, "हा भाव फक्त तुमच्यासाठी म्हणून काढला आहे, बाहेर कोणाला बोलू नका." हा रुमालच झाला!

ह्याचा अनुभव आम्हांला असा आला. शिरवळकडच्या एका कारखान्यातील आमचा एक जुना सहकारी निवृत्त झाला. फंडाचे पैसे हाती आले. त्याने मोटार घेतली. गडी वाटाघाटीत मुरलेला. त्याने घासाघीस करून १५,००० रुपयांची सूट मिळविली आणि मोठ्या अभिमानाने पेढे वाटले. त्याच आठवड्यात त्याच्या शेजाऱ्याने तीच मोटार, तोच प्रकार, दुसऱ्या शोरूममधून घेतली. त्याला सूट मिळाली ५,००० रुपयांची. आमचा सहकारी मनात हसला. पुढे काही कामासाठी दोघांचेही कागद आमच्यासमोर आले आणि आम्ही ते शेजारी शेजारी ठेवले. तेव्हा असे दिसले की, आमच्या सहकाऱ्याच्या कागदावर त्याच संरक्षणाच्या विम्याला १४,००० रुपये जास्त लागले होते, 'हँडलिंग' म्हणून ९,००० लावले होते आणि सीटकव्हर, पायपुसणी, रंगावरचा लेप अशा सटरफटर वस्तूंच्या 'पॅकेज'चे १८,००० घेतले होते. म्हणजे ४१,००० वर चढले. सुटीतले जास्तीचे १०,००० वजा केले, तरी सूट जास्त मिळविणाऱ्याने ३१,००० रुपये अधिक मोजले होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जन्मभर मॅनेजमेंटशी भांडलो आणि इथे फसलो." त्याला आम्ही एवढेच म्हटले की, तुम्ही दोघे एकाच आळीत राहता, एकमेकांचे कागद आधी पाहिले असते तर हे झाले नसते.

पाहिले का नाहीत? लाजेने. किती दिले हे सांगायला माणूस लाजतो. जास्त दिले असतील तर वेडे ठरू, कमी दिले असतील तर कद्रू ठरू, ही भीती. मंडईत चार रुपयांच्या मेथीच्या जुडीसाठी आपण दहा वाक्ये बोलतो. पण सात लाखांच्या मोटारीसमोर बोलणे म्हणजे आपली गरिबी उघडी करणे, असे आपल्याला वाटू लागते. समोरच्याच्या धंद्यातले निम्मे भांडवल म्हणजे आपली ही लाज.

आता घासाघीस करता येते, हेच मुळात कित्येकांना माहीत नसते. त्यालाही इतिहास आहे. आपल्या वाडवडिलांच्या काळी देशात मोटारींचे दोन-तीनच कारखाने होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९६९ साली तर भारत सरकारने मोटारींच्या किमती कायद्याने बांधून दिल्या होत्या आणि कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आकुर्डीच्या स्कूटरसाठी पुण्याच्या लोकांनी किती वर्षे वाट पाहिली हे अजून सांगणारी माणसे आहेत. माल कमी आणि मागणारे फार, तेथे गिऱ्हाईक हात जोडूनच उभे राहणार. १९८३ मध्ये मारुती आली, १९९१ नंतर परदेशी कारखाने आले आणि चित्र पालटले. आता शोरूमवाल्याच्या आवारात मोटारी उभ्या असतात. त्या त्याने बहुधा कर्ज काढून आणलेल्या असतात. एकेक मोटार जितके दिवस उभी राहील तितके व्याज त्याला चढते. शिवाय महिन्याला आणि तिमाहीला अमुक मोटारी विकल्याच पाहिजेत, असे उद्दिष्ट त्याला कंपनीने घालून दिलेले असते. म्हणून महिनाअखेरीस तो मऊ असतो. उलट २०२१ मध्ये जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला, मोटारी मिळेनाशा झाल्या, तेव्हा हीच शोरूमे एक रुपया सोडायला तयार नव्हती. तेव्हा पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवावी की, सूट ही कोणाची मेहेरबानी नव्हे. जी मोटार आवारात पडून आहे तिच्यावर ती मिळेल आणि जिच्यासाठी रांग लागली आहे तिच्यावर मिळणार नाही.

आता किमतीची फोड करू. कामगाराचा पगार म्हणजे मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे आणि कपाती, हे जसे सुटे करून पाहावे लागते, तसेच हेही आहे. समजा, एका पेट्रोल मोटारीची एक्स-शोरूम किंमत ७,००,००० रुपये आहे. मोटार चार मीटरांच्या आतली आणि इंजिन १२०० सी.सी.च्या आतले. अशा मोटारीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. हा कर त्या सात लाखांच्या पोटातच असतो. ११८ रुपयांत १८ रुपये कर, ह्या हिशोबाने १,०६,७८० रुपये सरकारचे आणि ५,९३,२२० रुपये मोटारीचे. त्याआधी अशाच मोटारीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. म्हणजे आधी सात लाखांना असणारी मोटार नव्या दराने सुमारे ६,४०,३०० रुपयांना यायला हवी. हे जवळजवळ ६०,००० रुपये सरकारने सोडले, शोरूमने नव्हे. कोणी ती रक्कम आपली सवलत म्हणून मोजून दाखवू लागला, तर त्याला तसे शांतपणे सांगावे.

एक्स-शोरूमवर राज्याचा एकरकमी मोटार कर बसतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के, असा तो आहे. डिझेलला प्रत्येक पायरीवर २ टक्के जास्त. आमच्या उदाहरणात हे ७७,००० रुपये झाले. नोंदणीची, म्हणजे लोक ज्याला पासिंग म्हणतात त्याची, सरकारी फी ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर १,५०० रुपये, कार्डाचे २००. म्हणजे सरकारी फीचा हा ऐवज अडीच हजारांच्या आतला आहे. कागदावर 'आरटीओ खर्च' म्हणून कराखेरीज दहा-बारा हजार लिहिलेले दिसले, तर ते कशाचे हे विचारावे. किंमत १० लाखांच्या पलीकडे गेली तर १ टक्का रक्कम आयकरापोटी घेतात. ती बुडत नाही. आयकराच्या विवरणपत्रात आपल्या नावे जमा दिसते. कित्येक शेतकरी आणि पेन्शनर विवरणपत्र भरत नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात.

सरकारच्या ह्या पैशांत घासाघीस चालत नाही, म्हणून तेथे श्रम खर्चू नयेत. घासाघिशीची जागा पुढे आहे.

पहिली जागा विम्याची. नव्या मोटारीला तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. ह्या भागाचा दर सरकार ठरवते. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १००० ते १५०० सी.सी.च्या मोटारीला तो तीन वर्षांचे १०,६४० रुपये आणि वर जीएसटी असा होता. तो भाग सगळीकडे सारखाच. पण स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा कंपन्या आपापल्या दराने विकतात आणि त्यात फार मोठी तफावत पडते. शोरूमला विम्यावर मोबदला मिळतो. म्हणून "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल" असे तेथे ऐकू येते. तसा कोणताही कायदा नाही. विमा कोणाकडून घ्यायचा हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. दोन विमा कंपन्यांचे आकडे बाहेरून काढून खिशात ठेवावेत आणि शोरूममध्ये म्हणावे की, ह्या भावात देत असाल तर तुमच्याकडून घेतो. बहुतेक वेळा देतात. जुनी मोटार असेल आणि तिच्यावर कधी दावा केला नसेल, तर 'नो क्लेम बोनस' नव्या मोटारीच्या विम्यात वळवून घेता येतो. तो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. तो आपल्या कमाईचा आहे; सोडू नये.

दुसरी जागा 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' किंवा 'कागदपत्र' अशा नावाच्या रकमांची. ह्या कोणत्याही सरकारी कराचा भाग नव्हेत. मोटार आवारात आणणे, धुऊनपुसून उभी करणे हे विकणाऱ्याचेच काम आहे; त्याचा नफा किमतीत धरलेलाच असतो. ह्या ओळी कागदावरून काढायला सांगाव्यात.

तिसरी जागा वस्तूंची आणि वाढीव वॉरंटीची. सीटकव्हर बाजारात स्वस्त मिळते. वाढीव वॉरंटी उपयोगी असू शकते. पण ती त्याच दिवशी घेण्याची घाई नसते, मूळ वॉरंटी संपण्याआधी घेता येते. लागेल ते नग सुटे मागावेत. 'पॅकेज' नको म्हणावे.

चौथी जागा प्रत्यक्ष सुटीची. तीत दोन भाग असतात. एक कंपनीची त्या महिन्याची योजना आणि दुसरा शोरूमने स्वतःच्या नफ्यातून सोडलेला भाग. दोन्ही निरनिराळे विचारावेत. शिक्षक, सरकारी नोकर, मोठ्या कारखान्यांतील कामगार यांच्यासाठी कंपन्यांच्या वेगळ्या सवलती असतात. विचारल्याखेरीज त्या सहसा कोणी सांगत नाही.

आता सर्वांत मोठा खड्डा. शोरूममध्ये पहिला प्रश्न असा येतो की, "साहेब, महिन्याला किती हप्ता झेपेल?" हा प्रश्न आला की किंमतीची चर्चा संपली असे समजावे. कारण हप्ता कितीही लहान करता येतो. फक्त वर्षे वाढवायची. हिशोब करून पाहा. सहा लाखांचे कर्ज, व्याज ९.५ टक्के, शिल्लक रकमेवर. पाच वर्षांत फेडले तर हप्ता १२,६०१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १,५६,००० रुपये. तेच सात वर्षांत फेडले तर हप्ता ९,८०६ रुपये दिसतो आणि व्याज सुमारे २,२३,७०० रुपये होते. हप्ता २,८०० रुपयांनी खाली आला म्हणून आनंद होतो आणि ६७,००० रुपये जास्त जातात. आणखी एक फसवा शब्द 'फ्लॅट रेट'. ९.५ टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षे पूर्ण सहा लाखांवर व्याज. ते २,८५,००० रुपये होते. आकडा तोच साडेनऊ, आणि व्याज जवळजवळ दुप्पट. म्हणून कर्ज आधी आपल्या बँकेत किंवा पतपेढीत विचारून, दर लिहून घेऊन मगच शोरूमला जावे. तेथले कर्ज स्वस्त असेल तर जरूर घ्यावे. पण किंमत ठरल्यानंतर. हाच नियम जुन्या मोटारीला. "जुनीचे चांगले पैसे देतो" म्हणत नवीची सूट त्यात जिरवली जाते. नवी मोटार, जुनी मोटार आणि कर्ज हे तीन निराळे सौदे आहेत. ते एकामागून एक करावेत.

तयारी कशी करावी? संघटनेत आम्ही मागणीपत्रक लिहिल्याशिवाय बोलणी सुरू करीत नाही. तुम्हीही एका कागदावर मोटारीचा नेमका प्रकार, रंग आणि तुमचा वरचा आकडा लिहा. हा आकडा घरी, बायकोमुलांसमोर ठरवावा. शोरूममधल्या गार हवेत ठरवू नये. मग निदान तीन शोरूमांकडून कोटेशन मागवावे, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : "मोटार माझ्या दारात उभी राहीपर्यंत एकूण किती? सगळ्या ओळी लिहून द्या." ह्या बाबतीत भोरचे लोक नशीबवान आहेत. एका हाताला पुणे, दुसऱ्या हाताला सातारा. दोन्ही ठिकाणी बाजार आहे आणि कर दोन्हीकडे महाराष्ट्राचाच, म्हणजे सारखाच. पुण्याचा कागद साताऱ्यात दाखवावा आणि साताऱ्याचा पुण्यात. वेल्ह्याच्या माणसाला एक फेरी जास्त पडेल. पण एका दिवसाच्या फेरीत वीस-पंचवीस हजार वाचत असतील, तर तेवढा रोज कोणत्याही कारखान्यात मिळत नाही.

उठून जाता येणे हे सर्वांत महत्त्वाचे. संप पुकारण्याआधी शहाणा कामगार घरात किती दिवसांचे धान्य आहे ते पाहतो. ज्याच्याकडे धान्य नाही त्याला मालक ओळखतो. गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. वस्तुतः अक्कल असते, पण तिचा उपयोग करायला वेळ नसतो. हा वेळ आपणच घालवितो. दसऱ्याला, पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला मोटार दारी आलीच पाहिजे, असे ठरवून आठ दिवस आधी शोरूमला जातो. समोरच्यालाही पंचांग वाचता येते. मुहूर्त जरूर पाळा. पण भाव महिनाभर आधी ठरवा, लिहून घ्या आणि मोटार तेवढी मुहूर्तावर आणा. आणि पोराने त्या मोटारीभोवती चकरा मारून "बाबा, हीच" असे म्हणायला नको असेल, तर भाव ठरवायच्या दिवशी त्याला घरी ठेवा.

ठरले की लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर आमच्या चळवळीत किती करार बुडाले ह्याची गणती नाही. कोटेशनवर शिक्का आणि सही हवी. मोटार कधी मिळणार ही तारीख हवी. सौदा मोडला तर विसाराचे पैसे परत मिळणार की कापणार, हे लिहिलेले हवे. पैसे बँकेतून द्यावेत. दोन लाख किंवा अधिक रोख एका व्यवहारात घ्यायला २०१७ पासून कायद्याने मनाई आहे. तेव्हा "रोख द्या, कमी करतो" ह्या बोलण्याला भुलू नये. सूट बिलावरच दाखवायला सांगावी. नंतर देऊ म्हणून सांगितलेली सूट नंतर मागत फिरावे लागते.

आणि शेवटची पायरी : मोटार पासिंगला जाण्याआधी डोळ्यांनी पाहावी. एकदा आपल्या नावावर चढली की परत करणे फार अवघड. चेसिस नंबरावरून ती कोणत्या वर्षी आणि महिन्यात बनली ते कळते. शोरूमला विचारून कागदाशी ताडून पाहावे. जानेवारीत घेतलेली मोटार मागच्या वर्षाच्या उन्हाळ्यात बनलेली असू शकते. उद्या विकायला काढली की घेणारा बनण्याचेच वर्ष पाहील. तशी मोटार घेऊ नये असे नाही; पण तिचा भाव जुन्या मालाचा असावा. डिसेंबरात सूट जास्त का मिळते, ह्याचे उत्तर ह्यातच आहे.

एवढे करूनही फसवणूक झाली तर? १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पण तेथे तुमचा साक्षीदार कोण? तुमचा कागद. तो नसेल तर काहीच नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. टेबलापलीकडे बसलेला पोरगा हाही कामगारच आहे. त्याचा पगार थोडका, बाकीचे कमिशनवर. उद्दिष्ट पुरे झाले नाही तर त्याच्यावर आरडाओरडा होतो. "हँडलिंग" लावण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो. त्याच्याशी आवाज चढवून बोलण्यात पुरुषार्थ नाही. त्याला अधिकार नसेल तर सभ्यपणे व्यवस्थापकाला बोलवायला सांगावे. आणि न्याय्य भाव म्हणजे शून्य नफ्याचा भाव असेही आम्ही मानीत नाही. मोटारीमागे शोरूमचा नफा थोडक्या टक्क्यांचा असतो. तो त्याला मिळाला पाहिजे, कारण उद्या मोटार बिघडली की त्याच्याच दारात जायचे आहे. न्याय्य भाव तोच की जो दोघांनाही चारचौघांत सांगता येतो.

चारचौघांवरून शेवटच्या मुद्द्याकडे येतो. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेथील धनिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज मोटारी एकदम घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. एकजुटीने गेल्यामुळे त्यांना सूट मिळाली, आणि स्टेट बँकेने त्या किमतीचा मोठा हिस्सा ७ टक्के व्याजाने कर्ज म्हणून दिला. त्याच डिसेंबरात पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' मध्ये ह्यावर लिहिले आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर ह्यापेक्षा कितीतरी अधिक व्याज कसे द्यावे लागते, ते दाखविले. साईनाथांचा राग रास्त होता. परंतु आम्ही त्या बातमीतून आणखी एक धडा घेतला. सामुदायिक वाटाघाटी हे हत्यार कामगारांनी घडविले. ते कामगारांनी खाली ठेवले आणि धनिकांनी उचलले!

गरीब आणि मध्यम माणसाला हे जमत नाही असे मात्र समजू नये. १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारची घरे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवू लागली आणि माल वाटण्याचे काम स्वतः करू लागली. त्यांत गृहिणीच पुढे होत्या. साखर आणि तूरडाळ एकत्र घेता येते, तर मोटारीचा भाव एकत्र का विचारता येऊ नये? एका गावातल्या तीन घरांना वर्षात मोटार घ्यायची असेल, तर तिघांनी मिळून एकाच शोरूमला कागद पाठवावा. तीन मोटारींचा सौदा महिनाअखेरीला सोडायला कोणी तयार होत नाही.

आणि एकत्र घेणे जमले नाही, तरी एक गोष्ट तर जमेल. आपल्या गावच्या वाचनालयात एक साधी वही ठेवा. ज्याने मोटार घेतली त्याने नावही लिहू नये; फक्त मोटारीचा प्रकार, महिना, एक्स-शोरूम किंमत, कर, विमा, इतर ओळी, मिळालेली सूट आणि दारात पडलेला एकूण आकडा एवढे लिहावे. पुढच्याने जाण्याआधी ती पाने वाचावीत. दहा नोंदी झाल्या की भोरचा आणि वेल्ह्याचा माणूस शोरूममध्ये एकटा बसलेला असणार नाही. त्याच्या मागे दहा माणसे उभी असतील. ट्रॅक्टरला, मोटारसायकलला, पाण्याच्या मोटरपंपालाही हीच वही चालेल.

आमच्या त्या सहकाऱ्याला आम्ही ही कल्पना सांगितली. त्याला पहिल्यांदा संकोच वाटला. आपले ३१,००० गेले हे गावाने वाचावे, हे त्याला सोसेना. आठ दिवसांनी तो स्वतःच वही घेऊन आला आणि पहिल्या पानावर त्याने आपल्या बिलाच्या साऱ्या ओळी एकेक करून लिहिल्या. खाली शेजाऱ्याने आपल्या लिहिल्या. पुढची पाने कोरी आहेत. ती भरण्याचे काम आता तुमचे.